ओठ तेलाकडे, पाठ दुनियेकडे

३ मार्च

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग नाही. कंबर वाकत नाही, आणि आज कोणापुढे वाकायची इच्छाही नाही.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितेय, नाहीतर हे सगळं ओरडून सांगितलं असतं. महिनाभर माझ्या गाडीचं स्टिअरिंग जड झालंय. सकाळी गाडी थंड असताना तर दोन्ही हातांनी ओढावं लागतं, आणि ओढलं की बॉनेटखालून कोणी पोट धरून कण्हावं तसा आवाज येतो. काल गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाला म्हणजे आमच्या चिरंजीवांचा शाळेतला दोस्त, तोच तो, आमच्या घरी येऊन डबेच्या डबे रिकामे करणारा. तो गाडीत बसला, आपल्या पैलवानी हातांनी दोनदा चाक फिरवलं, खाली उतरला आणि म्हणतो, "काकू, स्टिअरिंग ठीक आहे. तुमचे हात हलके झालेत. वयाप्रमाणे होतं ते."

आणि हसला!

मी त्याला गाडीखाली ठिबकलेलं लाल तेल दाखवलं. म्हणतो, जुन्या गाड्या थोड्या गळायच्याच. फारच मनात असेल तर स्टिअरिंगचा अख्खा पंप बदलू, पण या गाडीसाठी आता कोण एवढं करतं, विकून टाका.

दादा, तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेले हात आहेत हे. चार-चार तास पोट उघडं धरून उभी राहिलेय मी, हू की चू न करता. या हातांना हलकं म्हणणारा तो कोण?

मी घरी पोचायच्या आत बातमी चिरंजीवांपर्यंत गेली होती. संध्याकाळी फोन. "आई, पुरे आता. मी येतो आणि गाडी घेऊन जातो. एक गिऱ्हाईक बघून ठेवलंय." आता तूच सांग, मंगळवारी आणि शुक्रवारी माझी सात घरं असतात. कोणाच्या पाठीला जखमा, कोणाचा मधुमेहाचा पाय. ड्रेसिंगचं सामान घेऊन बसने निघाले तर दिवसभरात दोन घरं होतील. बाकीच्या पाचांनी काय करायचं? आणि मी काय करायचं? खिडकीत बसून लोक मोजायचे?

मी पैज लावली त्याच्याशी. बारा एप्रिलला तू ये, स्वतः बस आणि चाक फिरव. एका बोटाने फिरलं तर पुन्हा माझ्या गाडीचं नाव काढायचं नाहीस. नाही फिरलं तर किल्ली तुझी. त्याने पैज घेतली. तोही हसला.

तू चाळीस वर्षं फिटर होतास. गळती पंपातूनच आहे, मी टॉर्च लावून पाहिलंय. पंप उघडून सील घरी बदलता येतं का? येत असेल तर एकेक पायरी लिही. माझी समजूत काढू नकोस. तेवढं काम दोघं जण आधीच करतायत.

तुझी,
ठकी

८ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

पत्र वाचून तुझा आवाज ऐकू आला. कानांनी ऐकू येत नसलं तरी.

त्या गॅरेजवाल्याचा राग मलाही आला. दुरुस्त करणं या लोकांना माहीतच नाही, बदलणं तेवढं माहीत. सील म्हणजे तेल अडवणारी अंगठीएवढी रबरी वस्तू. तेवढ्यासाठी अख्खा पंप फेकायचा?

पण ठके, एक विचारतो. गाडी हवीच का? मीही गेल्या वर्षी माझी विकली, सुटे भाग मिळेनात म्हणून. काही अडलं नाही माझं. तुझं वय त्रेसष्ट. विचार कर. समजूत काढत नाहीये, विचारतोय.

आता काम. आधी वरच्या डब्यातलं तेल काढ. मोठी सिरिंज तुझ्याकडे असेलच. मग पट्टा सैल कर. पुलीचा नट सोडवताना पुली गरगर फिरेल, तिला जुन्या पट्ट्याने आवळून धर. पंपाला दोन पाइप असतात. रबरी पाइप तेल पंपाकडे आणणारा, तो क्लिपने धरलेला. दुसरा दाबाचा, त्याच्या बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर. ते पुन्हा वापरायचे नाहीत, नवेच घ्यायचे. पाइपांची तोंडं लगेच झाक.

पंप टेबलावर आला की बाहेरून आधी चकचकीत पूस. मगच मागचं झाकण उघड. आत एक कडं दिसेल आणि कड्यात खाचांची चकती, खाचांत पातळ पाती. कड्याची कोणती बाजू वर आहे ती खूण कर. पाती मोज. प्रत्येकाची एक कड गोलसर असते, ती बाहेर, कड्याकडे. दोन पाती अदलाबदल झाली तरी मी तुला बोलणार. झाकणाच्या खाचेत रबरी ओ रिंगा, आणि पुढे दांडा बाहेर येतो तिथे ऑइल सील. गळतं ते बहुधा तिथूनच.

घाई नको. घाई करणाऱ्या माणसाच्या हातून मी कधी पाना घेतला नाही आणि त्याला दिलाही नाही.

दादा

१५ मार्च

ती. दादास,

पंप माझ्या टेबलावर आहे! हिरवं कापड अंथरलंय, थिएटरमध्ये अंथरायचो तसं. दहा पाती. अंड्यांच्या ट्रेमध्ये दहा खळग्यांत ठेवली, प्रत्येकाखाली आकडा. काढताना दहा मोजली, पुसून पुन्हा दहा मोजली. टाके घालायच्या आधी गॉजचे बोळे मोजल्याशिवाय मी एकाही सर्जनला पुढे जाऊ दिलं नाही, मग इथे कशी जाऊ देईन?

आणि सील! दादा, ते सील रबराचं राहिलंच नव्हतं. नखासारखं कडक. आतला पातळ ओठ, दांड्याला घट्ट बसणारा तो, तीन ठिकाणी तडकलेला. मी ते गॉजमध्ये गुंडाळलं, सरळ गॅरेजमध्ये गेले आणि त्याच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, हे बघ माझ्या हातांचं वय. त्याने ते उलटून पाहिलं. मग म्हणतो, "काकू, हे उघडलं कोणी?" माझा शब्द त्याला अजूनही पटत नव्हता.

सुट्या भागांच्या दुकानात तर आणखी गंमत. काउंटरवरचा माणूस म्हणतो, मेकॅनिकला पाठवा, तुम्हाला कळायचं नाही. मी पंपाचा नंबर, दांड्याची जाडी, सीलची बाहेरची गोलाई, सगळं मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून नेलं होतं. कागद त्याच्यापुढे सरकवला. म्हटलं, मेकॅनिक आलीय, बोला. पूर्ण किट मिळालं, सील, ओ रिंगा, वॉशर.

तू लिहिलंस ते, गाडी हवीच का. हवीच. हे गेल्यापासून या गाडीत बसले की मी कोणाची तरी आई किंवा कोणाची तरी विधवा नसते, कामावर निघालेली बाई असते. पुन्हा विचारू नकोस.

एक मात्र चुकलं, ते सांगते. सील उपटत होते तेवढ्यात एका पेशंटची सून दारात आली, पट्टीतून रक्त येतंय म्हणून. मी सील ओढून वाडग्यात टाकलं आणि धावले. ते कोणत्या बाजूने बसलं होतं हे बघायचं राहून गेलं. आयुष्यात पहिल्यांदा नोंद न करता काहीतरी बाहेर काढलं मी. नव्या सीलच्या एका बाजूला ओठाभोवती बारीक स्प्रिंग दिसते, दुसरी बाजू सपाट आहे. स्प्रिंग आत जाते की बाहेर? तुझं उत्तर येईपर्यंत मी हात लावणार नाही.

तुझी,
ठकी

१९ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

स्प्रिंगची बाजू बाहेर, पुलीकडे. सपाट पाठ आत. धूळ बाहेर राहावी म्हणून.

बसवताना ओठाला नवं तेल लाव. सीलच्याच मापाचा, पान्याचा जुना सॉकेट वर ठेवून हातोडीने हळू ठोक, चारी बाजूंनी सारखं.

मग हवा काढायची. यात लोक चुकतात. डबा भरून लगेच इंजिन चालू केलंस तर तेलाचा फेस होतो, आणि फेसाने चाक फिरत नाही. पुढची दोन्ही चाकं जॅकने उचल, खाली स्टँड लाव, नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नकोस. इंजिन बंदच. डबा भर. स्टिअरिंगचं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरव, वीस वेळा. मधूनमधून उतरून डबा बघ. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, पुन्हा भर. बुडबुडे थांबले की इंजिन चालू कर, तसंच पुन्हा फिरव. टोकाला नेऊन दाबून धरू नकोस. फेस दिसला तर बंद कर आणि तासभर वाट बघ.

तब्येत बरी आहे. उन्हाचं बाहेर पडत नाही.

दादा

२५ मार्च

ती. दादास,

हरले.

सगळं तुझ्या शब्दाबरहुकूम केलं. दहा पाती आत गेली, दहा मोजली. हवा काढायला तर मला कोणी शिकवायला नकोच होतं. सलाइनच्या नळीतला बुडबुडा टिचकी मारून वर आणायचा, हे मी जन्मभर केलं. वीस वेळा चाक फिरवलं, दर वेळी उतरून डब्यात बघितलं, आधी मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे, मग तेल कसं स्वच्छ लाल. इंजिन चालू केलं. कण्हणं बंद! करंगळीने फिरलं चाक, दादा. मी गाडीत एकटीच मोठ्याने हसले.

गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. उतरून पाहिलं तर पंपाखाली पातेल्याएवढं तळं. आधी गळत होतं त्याच्या दसपट. अर्ध्या तासात चाक पुन्हा दगड.

पुन्हा उघडायला गेले तर सील काढतानाच फाटलं. दुसरं मागवलं तर महिना लागेल म्हणतो दुकानवाला, आणि या वेळी तोही हसला.

चिरंजीवांना सांगितलं. ओरडला नाही. "जाऊ दे आई, प्रयत्न केलास ना," असं म्हणाला, एखाद्या पेशंटशी बोलावं तसं. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

काल एका आजींचा पाय बांधताना मी स्वतःच्या हातांकडेच बघत होते. पट्टी नीट बसली. पण मनात आलं, खरंच हलके झाले असतील का? सील मी वाकडं ठोकलं असेल आणि मला कळलंही नसेल. थिएटरमध्ये अशा म्हाताऱ्या सिस्टर पाहिल्यात मी, हात थरथरतो हे सगळ्यांना दिसायचं, तिला सोडून. आम्ही मागून कुजबुजायचो. आता माझी पाळी असेल.

किल्ली खिळ्याला लावून ठेवलीय. शुक्रवारी बसने गेले. दोन घरं झाली.

ठकी

२९ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

मन लहान करू नकोस. तू जे केलंस ते कित्येक फिटरना जमत नाही. पण सगळ्याच गोष्टी आपल्या हातात नसतात. वेळेवर सोडणं हेही शहाणपण आहे. त्या मडगार्डच्या पोच्याचंच बघ. आज पोचा आहे, उद्या कोणाचा तरी हातपाय असेल. किल्ली देऊन टाक आणि मोकळी हो. पेशंटसाठी दुसरी कोणी सिस्टर मिळेल.

काळजी घे.

दादा

१ एप्रिल

दादा,

नमस्कार वगैरे काही नाही.

काल मी चिरंजीवांसाठी गाडी रिकामी करत होते. पुढच्या कप्प्यात गाडीची कागदपत्रं, ह्यांचा चष्मा, आणि त्याखाली तेलाचे डाग पडलेला एक कागद. सात वर्षांपूर्वी तू इथे आला होतास, तू आणि हे मिळून गिअरबॉक्सचं सील बदललं होतं, आठवतं? ह्यांच्या लक्षात राहीना म्हणून तू चित्र काढून दिलं होतंस. चित्राखाली तुझ्या अक्षरात, ठळक, खाली दोन रेघा:

"ओठ तेलाकडे, पाठ दुनियेकडे. सील कुठलंही असो. हे विसरणाऱ्याने स्वतःला फिटर म्हणवू नये."

स्प्रिंग असते ती ओठाची बाजू. म्हणजे आत. तेलाकडे. तू मला बाहेर लिहिलंस!

आधी वाटलं, विसरला असेल, एकाहत्तरीचा आहे. मग तुझं एकोणीस तारखेचं पत्र पुन्हा काढलं. सगळं पत्र सरळ, एक खाडाखोड नाही. फक्त 'बाहेर' या शब्दाखाली काहीतरी गिरवून खोडलंय. खिडकीपाशी उजेडात धरलं. खाली 'आत' लिहिलेलं आहे, दादा. तुला माहीत होतं. तू आधी खरं लिहिलंस आणि मग ते पुसलंस.

आणि तो पोचा. मडगार्डला पोचा आहे हे मी तुला एका अक्षराने कळवलं नव्हतं. मग तुला कोणी सांगितलं? मामा-भाच्यांचा पत्रव्यवहार चालू आहे तर, माझ्या पाठीमागे! आता पोच्याचंही ऐकून ठेव. तो मी पाडला नाही. दिवाणखान्याच्या खिडकीतून मी स्वतः पाहिलंय, जानेवारीत आला होता तेव्हा चिरंजीवांनी आपली गाडी मागे घेताना माझ्या गाडीला ठोकली. उतरला, बघितलं, इकडेतिकडे नजर टाकली आणि निघून गेला. मी आई म्हणून गप्प बसले. वाटलं, लाजला असेल, सांगेल कधीतरी. आणि तोच पोचा तो माझ्या नावावर मांडत फिरतोय?

पण त्याचं सोड. तो व्यवहारी आहे, तसाच आहे. तू? थिएटरमध्ये मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरने सांगितलेलं औषधही मी बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय भरलं नाही. चौतीस वर्षांत कोणाच्याही नुसत्या शब्दावर विसंबले नाही. तुझ्या शब्दावर विसंबले. पडताळावं असं मनातही आलं नाही. आणि सहा दिवस मी माझ्या हातांकडे बघून रडले, हे तुला माहीत असताना तू मला लिहितोस, मन लहान करू नकोस!

लाज वाटली नाही तुला? बहिणीला फसवल्याची नसेल वाटली. निदान सील उलटं बसवल्याची तरी वाटायला हवी होती.

मला उत्तर हवंय. समजूत नकोय.

ठकी

४ एप्रिल

ठके,

आशीर्वाद लिहायची माझी पात्रता नाही. नुसतं पत्र लिहितो.

तुझा शब्द न् शब्द खरा आहे. भाच्याचं पत्र मला दहा मार्चला आलं. मामा, आईने ऐकलं तर तुमचंच ऐकेल, ती गाडी ठोकते आहे, मला भीती वाटते, काहीतरी करून तिला थांबवा. पुरावा म्हणून पोच्याचा फोटो. मी विश्वास ठेवला, कारण मला विश्वास ठेवायचाच होता.

मी माझी गाडी सुटे भाग मिळेनात म्हणून विकली नाही. गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या वळणावर मी एका शिक्षिकेच्या सायकलला धडक दिली. ती घंटी वाजवत होती. रस्त्यावरच्या सगळ्यांनी ऐकली, मी सोडून. बाई खाली पडलेली, तोंडाने काहीतरी ओरडतेय, आणि मला तिचे नुसते ओठ हलताना दिसतायत. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता तिचा. तिने तक्रार केली नाही. मी भेटायला गेलो तर तिनेच मला पाणी दिलं. त्या दिवसापासून मी किल्लीला हात लावला नाही, आणि खरं कारण तुलाच काय, घरात कोणालाच सांगितलं नाही.

तुझं पत्र आलं, स्प्रिंग आत की बाहेर. मी 'आत' लिहिलं. मग भाच्याचं पत्र आठवलं, ती बाई आठवली, आणि तिच्या जागी कोणीतरी आणि माझ्या जागी तू दिसलीस. शब्द खोडला. मला वाटलं, पंप गळेल, तू कंटाळशील, गाडी जाईल आणि कोणाला काही होणार नाही. तू स्वतःच्या हातांवर संशय घेशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पंचवीस तारखेचं पत्र आल्यावर तरी मी खरं लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. भ्यालो.

चाळीस वर्षांत एकही सील मी उलटं बसवलं नव्हतं. कामावर नवीन आलेल्याने बसवलं तर त्याला दिवसभर बोलायचो. शेवटी एक बसवलंच, तेही स्वतःच्या बहिणीच्या हातांनी.

आज मी बसने शहरात गेलो. चार दुकानं फिरलो. ऐकू येत नाही म्हणून माप कागदावर लिहून दाखवलं, तुझ्यासारखंच. सोबतच्या डबीत दोन सीलं आणि नवे वॉशर आहेत. एक बसव, एक जवळ ठेव. ओठ तेलाकडे. पण माझ्या शब्दावर विसंबू नकोस, तो जुना कागद समोर ठेव आणि पडताळून घे.

भाच्याला आजच वेगळं पत्र टाकलंय. सील मी मुद्दाम उलटं सांगितलं, पंप माझ्यामुळे गळला, तुझ्या आईच्या हातात काडीचा दोष नाही, असं सरळ लिहिलंय. तो मला काय समजेल ते समजो.

दादा

१३ एप्रिल

ती. दादास,

डबी सात तारखेला मिळाली. आठला सील बसवलं. कागद समोर ठेवला, चित्र पाहिलं, सील दोनदा उलटसुलट करून पाहिलं, मगच ठोकलं. पुन्हा वीस वेळा चाक, पुन्हा बुडबुडे. मग चार दिवस मंगळवार-शुक्रवारसारखी सगळीकडे फिरले आणि रोज रात्री गाडीखाली पांढरा कागद अंथरला. कागद कोराच.

काल चिरंजीव आले. तुझं पत्र त्याच्या खिशातून डोकावत होतं, पण त्याने काढलं नाही, मीही विचारलं नाही. म्हटलं, आधी पैज. गाडीत बसला. सवयीने दोन्ही हात लावायला गेला. मी दार धरून उभी होते. म्हटलं, एक बोट. इंजिन चालू केलं, तर्जनी लावली, आणि चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, कण्हणं नाही, कुरकुर नाही. दोनदा फिरवलं. मग तिसऱ्यांदाही फिरवलं, आपल्या बोटावर त्याचाच विश्वास बसत नसावा.

उतरला. खाली वाकून कागद बघितला. मग मडगार्डपाशी गेला आणि पोच्यावरून हात फिरवत म्हणतो, "आई, मला वाटलं तुला कळलं नाही."

मी म्हटलं, कळलं होतं. तुला कळलंय का ते बघत होते. मामाला फोटो पाठवताना कळलं नव्हतं का? मान खाली घालून उभा राहिला, सहावीत प्रगतिपुस्तक लपवलं होतं तेव्हा राहिला होता अगदी तसाच. मी अर्धा तास बोलले. सगळी गल्ली ऐकत होती. ऐकू दे. शेवटी त्याने तुझं पत्र काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, मामांनी स्वतःच्या चुकीवर स्वतःचं नाव घातलं, मला तेवढंही जमलं नाही. पुढच्या रविवारी येऊन तो पोचा स्वतः ठोकून काढणार आहे म्हणे. बघू. हातोडी मी दाखवेन तशी धरणार असेल तरच देईन.

आता तुझं. माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण अजून केलेलं नाही. त्या बाईचं वाचून जीव तुटला माझा. गाडी सोडलीस ते बरोबर केलंस, मीही तेच सांगितलं असतं. पण सांगितलं असतंस तर! वर्षभर एकट्याने उराशी धरून बसलास, आणि मग तुझं म्हातारपण काढून माझ्या अंगावर घातलंस. तुझे कान गेले, दादा. माझे हात शाबूत आहेत. ज्या दिवशी थरथरतील त्या दिवशी मी स्वतः किल्ली ठेवेन, आणि तेव्हा खरं काय ते सांगायला मला तूच लागशील. म्हणून तुझा शब्द पुन्हा खरा व्हायला हवा. मला त्याची गरज आहे.

वीस तारखेला येतेय. एकशे ऐंशी किलोमीटर, मी स्वतः चालवत. आल्याबरोबर बॉनेट उघडेन, तू पंपावर हात ठेव आणि मी चाक फिरवेन. तुला ऐकू येणार नाही, पण हाताला कळेल. मग माझ्या शेजारच्या सीटवर बस, त्या शिक्षिकेच्या घरी जाऊ. तिचा पाय मला एकदा बघायचाय.

वाटेत लागलं तर म्हणून तेलाची बाटली बरोबर घ्यावी असं चिरंजीव म्हणतात. सील तू पाठवलेलं आहे. बाटली घेतलेली नाही.

तुझी,
ठकी